कडूकाकूंनी आणलेली पायपेटी

कडूकाकूंशी खोटं आम्ही सगळेच बोललो, पण बोट माझं होतं, म्हणून हे लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. त्यांचा मुलगा माऊली लिहिणार नाही. किशनराव तर आपलं काही चुकलं असं मरेपर्यंत मानणार नाहीत. मी ताडकळसच्या शाळेत कारकून आहे, भजनी मंडळात पखवाज वाजवतो, आणि माझं घर काकूंच्या घराला भिंतीला भिंत लागून आहे. नाव महारुद्र. नावाएवढा माणूस मी नाही, हे पुढे कळेलच.

काकूंचं नाव कडूबाई पडलं ते त्यांच्याआधीच्या दोन बहिणी पाळण्यात गेल्या म्हणून. निदान हिच्यावर तरी कुणाची दृष्ट पडू नये, असं आईला वाटलं असणार. पंधराव्या वर्षी त्या बन्सीधरकाकांच्या घरात आल्या. काका शेती बरी करायचे आणि पेटी फार चांगली वाजवायचे. मारुतीच्या देवळात दर शनिवारी भजन असायचं. बायका मागे खांबाआड बसायच्या, काकू त्यांच्यातच. पेटीला त्यांनी कधी हात लावला नाही, पण त्यांचा कान असा होता की काकांना धाक वाटावा. "ती कडंची काळी पट्टी आज कामून दाबली?" असं त्या घरी गेल्यावर भाकरी थापता थापता विचारायच्या. काका चिडायचे, "तुला काय कळतंय?" म्हणायचे, आणि पुढच्या शनिवारी ती पट्टी मुकाट्याने सोडून द्यायचे. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, कारण आमच्यामधली भिंत एकाच विटेची आहे.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी काकांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. नांदेडच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आणलं तेव्हा डोळे तेवढे पूर्वीचे राहिले होते. तोंड वाकडं झालं होतं, आणि ते कुणी बघितलेलं त्यांना खपत नसे. काकूंनी मग एक खूण ठरवली. डाव्या हाताच्या बोटाने खाटेच्या लाकडावर एक टिचकी मारली की हो, दोन मारल्या की नाही. पाणी पाहिजे का, कूस बदलू का, पंखा बंद करू का, सगळं त्या टिचक्यांवर चालायचं. आयुष्यभर तालात राहिलेला माणूस, टिचकीसुद्धा नेमकी मारायचा.

पेटी मात्र बंद पडली. आपली पेटी म्हणजे एका हाताने भाता मारायचा आणि दुसऱ्याने पट्ट्या दाबायच्या. काकांचा डावा हात शाबूत होता, पण तो पट्टीवर ठेवला तर भाता कोण मारणार? काकू म्हणाल्या, मी मारते. दिवाळीच्या सुमारास एकदा त्यांनी तसं करून पाहिलं. काका डाव्या हाताने सूर शोधत होते, काकू समोर बसून भाता ओढत होत्या. पण भात्यातच तर सगळं असतं. कुठे दम द्यायचा, कुठे सोडायचा, हे ज्याचं त्यालाच माहीत. काकांना सूर मोठा हवा तेव्हा तो बारीक यायचा, बारीक हवा तेव्हा बोंबलायचा. पाच मिनिटांत त्यांनी पेटी डाव्या हाताने ढकलून दिली. ती फरशीवर आपटली आणि एक पट्टी कायमची बसली. काकू फक्त मला म्हणाल्या, "दुसऱ्याच्या वाऱ्यावर कोन वाजवील बापा."

त्यांची मुलगी राजेश्री जर्मनीत असते. जावई केयूर तिकडे कारखान्यात इंजिनियर आहे. लग्नानंतर नऊ वर्षांनी राजेश्रीला दिवस गेले आणि जानेवारीची तारीख निघाली. केयूरला आई नाही. आता लेकीचं पहिलं बाळंतपण आणि आई नको असं कोण म्हणेल? काका म्हणाले. म्हणजे दोन टिचक्या मारल्या. काकूंनी पुन्हा विचारलं, पुन्हा दोन. माऊलीने समजावलं, सुनेने, सविताने, समजावलं, मीही बसलो समजावत. दोनच्या दोन. काकांचा हट्ट मला तेव्हा स्वार्थी वाटला. आता वाटतं, त्यांना भीती वाटत असेल. पण भीतीसाठी टिचकीची खूण ठरलेली नव्हती.

काकू गेल्या. सहा आठवड्यांचं तिकीट होतं. निघताना खाटेशी वाकून म्हणाल्या, "येऊ का मग?" काकांनी ना एक वाजवली ना दोन. तोंड फिरवून पडून राहिले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. काकू दोनदा उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि दोनदा परत आल्या. शेवटी माऊलीने त्यांना हाताला धरून नेलं.

रोज दुपारी साडेचारला त्यांचा फोन यायचा. माऊली त्या वेळी खताच्या दुकानात असायचा, म्हणून शाळेतून येता येता तो जिम्मा माझ्याकडे आला. वाकड्या तोंडामुळे काकांना व्हिडिओ चालत नव्हता, तेव्हा नुसतं बोलणं. मी फोन काकांच्या कानाला लावायचो, आणि फोनची मागची बाजू त्यांच्या डाव्या बोटाशी येईल अशी धरायचो. काकू तिकडून सांगायच्या, बर्फ कसा पडतो, राजेश्रीचे पाय कसे सुजलेत, दूध कसं खोक्यात मिळतं. शेवटी रोज एकच विचारायच्या.

"आवं, ऐकायलाव का? राग हाय का अजून?"

काकांचं बोट हलायचं नाही. मला, सविताला ते टिचक्या मारत, चहा घेता का म्हटलं की लगेच एक. काकूंच्या फोनला मात्र नाही. मी फोन घेऊन म्हणायचो, "काकू, डोळा लागलाय त्यांचा." काकू म्हणायच्या, "बरं बापा." पण आवाज फुटायचा. एकदोनदा तर मी काकांना बोललोही, "काका, वाजवा की एक, काय जातंय तुमचं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. चोवीस दिवस हे चाललं. त्यात राजेश्रीला ऑपरेशन करून मुलगी झाली, तीही बातमी काकूंनी त्यांच्या कानात सांगितली. डोळ्यांतून पाणी आलं, टिचकी आली नाही.

पंचविसाव्या दिवशी, मंगळवारी, पहाटे काका गेले. झोपेतच पुन्हा झटका आला असावा. सविता चहा घेऊन गेली तेव्हा अंग गार पडलेलं होतं.

ओसरीवर सगळे जमले आणि कडूबाईला कसं कळवायचं हा प्रश्न निघाला. माऊली रडत होता, तो म्हणाला, आत्ता लावतो फोन. किशनरावांनी त्याचा हात धरला. किशनराव म्हणजे काकांचे थोरले चुलतभाऊ, भावकीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. ते म्हणाले, "येड्यावानी करू नको. ती आज निघाली तरी तिला तोंड दिसनार हाय का? पोरीचं ऑपरेशन होऊन आठ दिस न्हाई झाले. बाप गेल्याचं ऐकलं तर अंगावरचं दूध आटंल तिचं. आन बारसं हाय. कानावर गेलं तर सुतक. न्हाई गेलं तर कशाचं सुतक? येऊ दे तिला सुखानं. आल्यावर सांगू."

हे त्यांनी असं सांगितलं की जणू काकूंवर केवढे उपकार होत आहेत. आणि आमच्याकडे ते नवीन थोडंच आहे. परगावी असलेल्या बाईला कुणी मेलं असं सरळ सांगतच नाहीत, "तब्येत बरी नाही, या" एवढंच सांगतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. केयूरला तेवढं कळवलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. फोनचा प्रश्न तर फारच सोपा होता, कारण काका बोलतच नव्हते. जिवंत असतानाही फोनवर त्यांचा आवाज नव्हता. दुपारी आम्ही त्यांना जाळून आलो, आणि त्या दिवशी नेटवर्क नाही असं केयूरने तिकडे सांगितलं.

बुधवारी साडेचारला फोन वाजला. मी काकांच्याच खोलीत होतो. खाट बाहेर काढली होती. जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता आणि वर टोपली झाकली होती. मी म्हणालो, "काकू, झोपलेत ते."

"झोपू दे. कानाला लाव. मला बोलायचंय."

मी काय करायला हवं होतं? फोन खाली ठेवायला हवा होता, पिठाजवळ, आणि बाहेर जायला हवं होतं. मी तो माझ्याच कानाला धरून उभा राहिलो.

"आवं, ऐकायलाव का? इथं चौकात शनिवारी बाजार भरतो. आपल्यावानीच, पर समदं जुनं सामान. तिथं एका म्हाताऱ्याकडं पेटी बगितली. तिला हाताचा भाताच न्हाई. खाली पायाच्या दोन फळ्या हायत. म्या उजवा हात पदरात बांधून घेतला, उजवा पाय वर धरला, आन निस्त्या डाव्या पायानं भाता मारला. वाजती की! म्हातारा हसाय लागला, केयूररावाला लाज वाटाय लागली. वाटू दे. भाता बी तुमचा आन बोट बी तुमचं. कुनी मधी नको, मी बी नको. घडी केली की डब्यावानी बंद होती, विमानात चालती म्हने. आनू का?"

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "बोलू नका हो, निस्तं वाजवा. तुमी न्हाई म्हनलाव तरी मी आले, माजं चुकलं. पंचवीस दिस झाले, लेकरू मांडीवर घेतलं तरी मला घास जाईना. आनू का?" आणि त्या रडू लागल्या. साधं मुसमुसणं नाही. परक्या देशात, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून रडणं.

मी फोनच्या पाठीवर नखाने एक टिचकी मारली.

पलीकडे एकदम शांत झालं. मग काकू म्हणाल्या, "राग गेला?" मी पुन्हा एक मारली. त्यानंतर त्या जे बोलल्या ते नवऱ्याशी बोलल्या, ते मी इथे लिहिणार नाही. पाच मिनिटं मी दुसऱ्याच्या बायकोचं बोलणं ऐकत त्या दिव्यासमोर उभा होतो.

माऊलीला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं केलं दादा, माय खूश तरी राहील." किशनराव म्हणाले, पुण्याचं काम केलंस. मला तेव्हा त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण दिली नाही. कारण खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. काकूंचा आवाज दुसऱ्या दिवशी पोरीसारखा मोकळा झाला होता. जेवले का? एक. गोळी घेतली का? एक. सविता तरास देती का? दोन, आणि काकू खदखदून हसल्या. मी रोज मेलेल्या माणसाच्या वतीने जेवत होतो, गोळ्या घेत होतो. दहाव्या दिवशी नदीवरून पिंडदान आटोपून ओल्या कपड्यांनीच आलो आणि झोप लागती का म्हणून विचारलं त्याला एक टिचकी मारली. बारशाला काकूंनी पाळणा म्हटला, मुलीचं नाव सृष्टी ठेवलं, आणि तोही पाळणा त्यांनी फोनवर पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवला.

मधल्या शनिवारी केयूरचा फोन आला. "महारुद्रभाऊ, त्या पेटी घ्यायचीच म्हणतात. मी काय करू?" तो बिचारा हे सगळं पोटात ठेवून त्या घरात वावरत होता. मी म्हणालो, घेऊन द्या. आम्ही सगळेच इतके पुढे गेलो होतो की मागे फिरायला जागाच नव्हती. पेटीच्या वजनामुळे काकूंनी आपल्या साड्या, लोकरीचं पांघरूण आणि सवितासाठी घेतलेली भांडी तिथेच सोडली.

परतीच्या दिवशी हैदराबादला आणायला मी गेलो. माऊलीला जाता येत नव्हतं, कारण त्याचं मुंडण झालं होतं आणि डोक्यावर नुकते खुंट आले होते. काकू विमानतळाच्या दारातून चाकाच्या खुर्चीत बसून आल्या. पेटीचा लाकडी डबा मांडीवर घेता येत नव्हता म्हणून मागे सामानाच्या गाडीवर होता, आणि त्यांची मान सारखी मागे वळत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "माऊली कामून आला न्हाई?" मी म्हणालो, खताची गाडी आलीय. "आसू दे. तपासनारानं डबा उघडाय लावला. मी म्हनलं, मालकाला लकवा झालाय, त्यांच्यासाठी हाय. मराठीतच म्हनलं. त्यानं हात जोडले आन सोडून देलं."

आठ तासांचा रस्ता. त्या बोलत होत्या. येत्या शनिवारी काकांना उचलून देवळात न्यायचं, खुर्ची कुठली घ्यायची, पायाखाली पोतं घालायचं म्हणजे फळी सरकणार नाही, मी पखवाज हळू वाजवायचा कारण सुरुवातीला दम पुरणार नाही. मी हो हो म्हणत होतो. जीपचा ड्रायव्हर गावातलाच, त्याला सगळं माहीत. एका धाब्यावर तो खाली उतरला आणि गाडीमागे जाऊन रडून आला. मला तेही जमलं नाही.

दिवस मावळायच्या आधी गावात पोचलो. दारात गर्दी होती. काकूंना आधी वाटलं, पेटी बघायला जमलेत. "डबा आदी उतरवा, आडवा करू नका," म्हणत त्या खाली उतरल्या. मग गर्दी बोलत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. माऊली टोपी घालून उंबऱ्यात उभा होता. काकू त्याच्यापाशी गेल्या, हात वर केला आणि त्याच्या डोक्यावरची टोपी काढली.

कुणीतरी हंबरडा फोडला. शेजारच्या सुलाबाई पुढे झाल्या, त्यांचा हात काकूंच्या कपाळाकडे गेला. काकूंनी मनगट धरलं. "थांबा. मला कुनी सांगितलंच न्हाई अजून."

किशनराव घसा साफ करून म्हणाले, "कडूबाई, अठरा दिस झाले. मंगळवारी पाहाटं."

काकूंनी सुलाबाईंचं मनगट सोडलं. कपाळ त्यांनी स्वतःच्या पदराने, स्वतः पुसलं. बाकीच्या बाया त्यांना धरून रडत राहिल्या, पण त्या रडल्या नाहीत. त्यांची बोटं पेरांवर चालली होती, आणि त्या काय मोजत आहेत ते तिथे फक्त मला समजलं. मी घरात गेलो आणि दार लावून घेतलं.

गुरुजी म्हणाले, एवढ्या उशिरा ऐकल्यावर तीन दिवस पाळले तरी चालतील. काकू म्हणाल्या, दहा पाळीन. घरातल्या सगळ्यांचं सुतक फिटलं होतं. देवाला दिवा लागत होता, फोडणीचा वास येत होता, आणि काकू एकट्याच कोपऱ्यात घोंगडीवर बसल्या होत्या. डबा ओसरीवर होता, त्याला अजून विमानाची चिठ्ठी चिकटलेली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सविताला पाठवून मला बोलावलं. मी लांब उंबऱ्याशी बसलो. त्या जमिनीकडे बघत बोलल्या.

"मंगळवारी गेले. पेटीचं मी बुधवारी इचारलं."

"हो काकू."

"टिचकी कुनी वाजवली?"

खोटं जिभेवर तयार होतं. सांगू शकलो असतो की सोमवारी फोन ठेवल्यावर मी काकांना राग गेला का म्हणून विचारलं होतं आणि त्यांनी एक टिचकी मारली होती. काकूंनी विश्वास ठेवला असता. त्यांना ठेवायचाच होता, ते मला तोंडावर दिसत होतं. पण अठरा दिवसांत मी एवढं वाजवलं होतं की आता आणखी होईना.

"मी," म्हणालो.

"आन राग गेला का म्हनून इचारलं, तवा?"

"ती बी मीच."

"त्याच्या आदी चोवीस दिसांत त्यांची एक बी न्हवती."

"न्हाई."

काकूंनी मान हलवली. "म्हंजे रागातच गेले."

आत सविताने नळ बंद केला. मग काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कामून वाजवलीस रे?"

"तुमी लय रडायलता, काकू. मला ऐकवंना."

"मग रडू द्यायचं व्हतं," काकू म्हणाल्या. "तवा रडले असते तर ते त्यांच्यासाठी झालं असतं. त्या दिसापसून मी हसत व्हते."